पाहुण्याचा उपास

गल्लीत पहिली बोंब ठोकली ती दिगू परटानं. श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारनंतरचा तो मंगळवार. एका इस्पितळाच्या चाळीस पांढऱ्या चादरी त्यानं सकाळी धुवायला टाकल्या आणि तासाभरानं बाहेर काढल्या तेव्हा सगळ्या गुलाबी झाल्या होत्या. बारशाला अंथरावी अशी सुरेख गुलाबी. दिगूनं त्यातली एक खांद्यावर टाकली, दोन्ही बाजूंच्या दुकानदारांना दाखवत गल्लीभर मिरवली आणि यनगंदुल डाईंगच्या दारात येऊन उभा राहिला.

"मल्लेशमभाऊ, पाणी लाल येऊलालंय की," तो म्हणाला.

मल्लेशम यनगंदुलनं चादर उजेडात धरली, परत दिली आणि गल्लीच्या टोकाच्या हौदाकडे निघाला. हौद त्याच्या हवाली होता. सहा वर्षांपूर्वी गल्लीनं एकमतानं त्याला हौदाचा कारभारी केलं होतं, आणि त्या गल्लीत एकमत होणं म्हणजे काय हे तिथं राहणाऱ्यालाच कळेल.

आता हौदाचं नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही समजायचं नाही.

सोलापूरला पाण्याची ददात जुनीच. चादरी-टॉवेलांच्या या शहरात सूत रंगवायला पाणी लागतं, आणि रंगवून झालं की ते पाणी कुणाच्याच कामाचं राहत नाही. रंगाच्या रेणूत नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात. तो सांधा तुटला की रंग गेला. पण तो सहजी तुटत नाही, कारण शंभर धुण्यांत टिकावा म्हणूनच तर तो बनवलेला असतो. विद्यापीठातल्या हेमांगी गावंडे यांनी हा सांधा तोडणारे जंतू वाढवले. ते काही आकाशातून पडले नव्हते. एका जुन्या रंगाईच्या, म्हणजे सूत रंगवायच्या कारखान्याच्या, गटारातल्या गाळात ते सापडले, आणि बाईंनी त्यांना आणखी तरबेज केलं. या जंतूंना रंग तोडायचं बळ यावं म्हणून सोबत थोडं पिठूळ अन्न लागे, आणि तसलं अन्न गल्लीत रोज वाया जात होतं.

म्हणून गल्लीतल्या धंद्यांची साखळी बांधली गेली. सुताला खळ चढवणारा बसप्पा उरलेली खळ हौदात सोडायचा. मल्लेशमच्या रंगाईचं आणि आणखी दोन रंगायांचं पाणी तिथंच यायचं. हौदातून नितळ होऊन निघालेलं पाणी दिगूच्या लाँड्रीत जायचं, लाँड्रीतून पलीकडच्या रोपवाटिकेत. शहरात अशा एकवीस गल्ल्या, एकवीस हौद. एखादा हौद मंदावला तर त्याच्या कारभाऱ्यानं दुसऱ्या हौदाकडून कॅनभर पाणी मागून आणायचं, दह्याला शेजारून विरजण आणतात तसं. म्हणून त्याला विरजणच म्हणत. एक नियम मात्र होता की विरजण मागायला कारभाऱ्यानं स्वतः जायचं, कारण काय बिघडलं आणि कशानं बिघडलं हे त्यालाच सांगता येणार. सहा वर्षांत शहरातलं तळं पुन्हा दिसण्याजोगं झालं होतं आणि रंगायांना टँकरची वाट बघावी लागत नव्हती.

जंतू म्हटलं की माणसांना कसंसंच होतं. म्हणून गल्लीनं हौदातल्या त्या वस्तीला नाव दिलं 'पाहुणा', आणि घोळ तिथंच सुरू झाला. आपल्याकडे पाहुणा 'पुरे' म्हणाला की त्याच्या पानात आणखी एक पोळी पडते. बसप्पा खळ देतो, मग आपण काय मेलोय, असं म्हणून दुग्धालयवाल्यानं पनीर काढल्यावर उरणारं पाणी पाठवायला सुरुवात केली. मिठाईवाल्यानं गुलाबजामांचा उरलेला पाक आणला. उडप्यानं इडलीच्या पिठाचं धुवण दिलं. महाशिवरात्रीला देवळातल्या अभिषेकाचं दूध गटारात जाताना बघून पुजाऱ्याला वाईट वाटलं, तेव्हापासून ते दूधही दर सोमवारी हौदात येऊ लागलं. श्रावण लागला तशा बायका लोटे घेऊन थेट हौदावरच रांग लावू लागल्या. आधी पिंडीवर, मग पाहुण्याला.

मल्लेशमनं कुणालाही नाही म्हटलं नाही. नाही म्हणणं त्याच्या रक्तातच नव्हतं. त्याच्या घरून कुणी उपाशी गेलेला नव्हता. कामावरच्या चौदा बायकांना त्याच्याकडे दोनदा चहा मिळे, तोही कप भरून. रंगाच्या कढईतही तो ठरल्यापेक्षा मूठभर रंग जास्त टाकी. त्याची बायको भाग्यलक्ष्मी म्हणायची की या माणसाच्या हाताला माप नाही, आणि तो हे कौतुक समजायचा.

हौदात त्यानं काचेचा पेला बुडवून वर काढला. पाणी डाळिंबाच्या सरबतासारखं होतं.

बुधवारी महापालिकेची नोटीस आली. भाषा सभ्य होती, मजकूर सरळ होता. पाण्याचा नमुना चौदा दिवसांनी पुन्हा घेतला जाईल. त्यात रंग आढळला तर गल्लीतल्या तिन्ही रंगाया शहराबाहेरच्या वसाहतीत हलवाव्या लागतील. मल्लेशमनं नोटीस दोनदा वाचली. वसाहत बावीस किलोमीटर लांब. त्याच्याकडच्या चौदा बायका लडी पिळायला, वाळत घालायला पायी यायच्या, दुपारी घरी जाऊन पोरांना जेवू घालून परत यायच्या. त्यांतली एकही बावीस किलोमीटर येणार नव्हती. आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी नव्या बायका, नवी जागा, नवं पाणी हे आपल्याच्यानं होणार नाही, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. रंगाई हलली म्हणजे संपली.

गुरुवारी गावंडे मॅडम आल्या. बाई बोलायला कडक. त्यांनी हौदाचे चार नमुने घेतले, दुपारभर आपल्या यंत्रात बघितले आणि मल्लेशमला समोर बसवून सांगितलं की तुमचा पाहुणा आजारी नाही, माजलाय.

मग त्यांनी जे समजावलं ते असं. जंतूच्या पेशीत जनुकांचं एक मोठं गाठोडं असतं आणि त्याशिवाय एक छोटं सुटं वेटोळं असतं. रंग तोडायची विद्या त्या वेटोळ्यात. पण हे वेटोळं सांभाळायला जंतूला कष्ट पडतात. भूक असते तोवर तो ते सांभाळतो, कारण विद्या असेल तरच खायला मिळणार. समोर दूध आणि पाक आला की ज्या जंतूनं वेटोळं टाकून दिलं तो हलका होतो, इतरांपेक्षा भराभर वाढतो, त्याची पिल्लावळही बिनविद्येची. दिवसाला कितीतरी पिढ्या होतात. पाच-सहा महिन्यांत अख्खा हौद असल्याच जंतूंनी भरला. निळा-पिवळा रंग ते अजून कसाबसा तोडत होते. तुमच्या त्या लालमध्ये सांधे दोन आहेत, तो आता त्यांच्या आवाक्याबाहेरचा.

"मग उपाय?" मल्लेशमनं विचारलं.

उपाय दोन होते आणि दोन्ही एकदम करायचे होते. ज्याला लाल तोडता येतो अशा हौदाचं विरजण आणायचं. भुकेल्या वस्तीत शहाणा जंतू शेजाऱ्याला चिकटून त्या वेटोळ्याची नक्कल देतो, अशी ही विद्या पसरते. त्यासाठी आठ दिवस हौदाला कडक उपास. रंगाचं पाणी आणि दिवसाला एक कॅन खळ, बाकी थेंबही नाही. भूक नसेल तर विद्या घेणार कोण, असं बाई म्हणाल्या.

"एकवीस हौद मी तपासलेत," जाताना त्या म्हणाल्या. "श्रावणात सगळ्यांनीच दूध ओतलंय. धड असा एकच आहे. अंबादास यनगंदुल यांचा. तुमचे कोणी लागतात का?"

लागत होते. सख्खा थोरला भाऊ होता.

अकरा वर्षांपूर्वी अंबादासच्या मुलीच्या लग्नात, व्याह्यांच्या पंगतीत, कुणीतरी मल्लेशमच्या रंगाची तारीफ केली. तेव्हा अंबादास वाढता वाढता म्हणाला होता, "धाकट्याचा लाल उतरतो. हात सैल आहे त्याचा." मल्लेशम भरल्या पानावरून उठला. भरल्या पानावरून उठणं काय असतं हे सांगायला नको. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. त्यांची आई नरसव्वा थोरल्याकडे राहायची, आणि तुम्ही दोघं बोलाल तेव्हाच धाकट्याचा उंबरा चढेन असं तिनं सांगून ठेवलं होतं. गोष्ट अशी की अंबादास बोलला ते खोटं नव्हतं. मूठभर जास्त टाकलेला रंग सुताला धरत नाही, पाण्यातच उतरतो. मल्लेशमला हे कळत होतं, म्हणून तर ते जास्त झोंबलं होतं.

माणूस आधी सोपं ते करून बघतो. मल्लेशम दुसऱ्या दोन गल्ल्यांत जाऊन विरजण घेऊन आला. तिथले हौदही दुधावरच पोसलेले. चार दिवस फुकट गेले आणि पेल्यातलं पाणी होतं तसंच राहिलं. तिसऱ्या सोमवारी भाग्यलक्ष्मी आपण होऊन जावेकडे गेली. जावेनं तिची ओटी भरली, आणि नियम नियम आहे, ज्याचा हौद त्यानंच यावं असं तुझे भाऊजी म्हणतात, असं सांगून परत पाठवलं. शेवटी मंगळवारी सकाळी मल्लेशमनं कॅन उचलला.

अंबादासचं कसं होतं, की शहराच्या सबंध पूर्व भागात त्याच्याइतका चिक्कू माणूस नव्हता. वापरलेल्या पाकिटाच्या कोऱ्या बाजूवर तो हिशेबाची टिपणं लिहायचा. त्याच्या गल्लीतल्या लोकांनी दूध आणलं तेव्हा त्यानं हौदाला लोखंडी झाकण बसवून कुलूप लावलं होतं. लोक त्याला काय काय बोलले. देवाचं दूध नाकारणारा माणूस म्हणून त्याचं नाव झालं. खळ तो मापानं घालायचा, तीही एखाद्या दिवशी चुकवायचा. आणि त्याच्या हौदातलं पाणी पिण्याच्या पाण्यासारखं नितळ होतं.

दोघे भाऊ हौदापाशी उभे राहिले. घरात ते तेलुगूत बोलत आणि गल्लीत मराठीत. अंबादासनं मराठीतच सुरुवात केली, म्हणजे हे कारभाऱ्याचं काम आहे, भावाचं नाही, हे स्पष्ट झालं. काय बिघडलं, असं त्यानं विचारलं. मल्लेशमनं सगळं सांगितलं. पाक, पनीरचं पाणी, दूध, काहीही लपवलं नाही. सांगताना त्याची मान खाली गेली होती. अंबादास 'बघ, मी म्हणत नव्हतो?' असं काही म्हणाला नाही. त्यानं कॅन भरला, काठीनं खूण बघितली, खुणेच्या वर गेलेलं पाणी परत हौदात ओतलं आणि कॅन भावाच्या हाती दिला.

"मोजून घालत जा, मल्लू," तो एकदम तेलुगूत म्हणाला. "हे पुन्हा बिघडवलंस तर माझ्याकडे दुसरं नाही."

वहिनींनी चहा आणला. अर्धाच कप. मल्लेशमला हसू आलं आणि रागही आला. एवढ्या वर्षांनी भाऊ दारात आला तरी याचा कप काही भरत नाही, असं त्याच्या मनात आलं. आतल्या खोलीतून आई बाहेर आली, तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, आणि त्याला चहाची चव कळेनाशी झाली.

विरजण त्याच दुपारी हौदात पडलं आणि पाहुण्याचा उपास सुरू झाला.

गल्लीनं सहकार्य केलं, पण कुरकुरत केलं. दुग्धालयवाल्याला पनीरचं पाणी गोठ्यांना पोचवावं लागलं, मिठाईवाल्यानं पाक मोजून करायला सुरुवात केली आणि त्यात आपलंच भलं आहे हे कळल्यावर गप्प बसला. मल्लेशम सकाळ-संध्याकाळ हौदावर बसून राही. पहिल्या तीन दिवसांत हौदाला घाण वास सुटला. गावंडे मॅडम म्हणाल्या की माजलेले मरताहेत, मरू द्या. चौथ्या दिवशी पेल्यातला रंग किंचित फिका वाटला. सहाव्या दिवशी तो नुसता वाटला नाही, फिका होताच. पण अजून लाल होता, आणि सातव्या दिवशी श्रावणातला शेवटचा सोमवार होता. नमुना बुधवारी.

सोमवारी सकाळी मल्लेशमनं हौदावर फळ्यांचं झाकण टाकलं आणि त्यावर मांडी घालून बसला. बायका येत होत्या, तो हात जोडून परत पाठवत होता. त्यातल्या एकीनं त्याला सरळ तळतळाट दिला. दुसरी म्हणाली की चिक्कू भावाकडे जाऊन आलास ते बरं शिकून आलास. त्यानं ऐकून घेतलं. नाही म्हणायची सवय नसलेल्या माणसाला एका सकाळी चाळीस वेळा नाही म्हणावं लागलं. तरी बायका घरी जात नव्हत्या. हा कधी उठतो ते बघत बाजूला उभ्या होत्या.

तेवढ्यात नरसव्वा आली. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, थोरल्या सुनेचा हात धरून, धुवट इरकली लुगड्यात. मुलगे बोलले, तशी ती शब्दाप्रमाणे धाकट्याच्या दारी आली होती. हातात पितळेचा लोटा होता.

"तुझ्या पाहुण्याला आणलंय," ती म्हणाली. "सर जरा."

एका लोट्यानं हौदाचं काहीही बिघडलं नसतं, हे मल्लेशमला ठाऊक होतं. पण मागं चाळीस लोटे उभे होते आणि ऐंशी डोळे त्याच्याकडे लागले होते. आईचं दूध आत गेलं की कुणाचंच अडवता येणार नव्हतं. तो उठला, आईच्या पाया पडला आणि पुन्हा झाकणावर बसला.

"नाही अम्मा. आत नाही घालायचं."

"माझ्या हातचं चालत नाही?"

"कुणाच्याच हातचं नाही."

म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली. मग वळली आणि भरला लोटा घेऊन आली तशी परत गेली. घरात पाऊलसुद्धा टाकलं नाही. ते बघितल्यावर बाकीच्या बायकाही एकेक करून पांगल्या. मल्लेशम त्या दिवशी जेवला नाही. भाग्यलक्ष्मी शहाणी बाई, तिनं आग्रह केला नाही.

बुधवारी महापालिकेच्या माणसानं हौदातून तीन बाटल्या भरल्या. तिन्हींच्या आरपार त्याला आपल्या हाताच्या रेषा दिसत होत्या. कागदावर सही झाली, नोटीस मागं घेतली गेली. दिगूनं त्याच दिवशी पांढऱ्या चादरी धुतल्या आणि मुद्दाम गल्लीत दोरी बांधून सगळ्यांना दिसतील अशा वाळत घातल्या. चौदा बायकांनी वर्गणी काढून पेढे आणले. गावंडे मॅडमनी शहरातल्या सगळ्या कारभाऱ्यांना बोलावून सांगितलं की यापुढे माप ठरलं, दिवसाला एक कॅन खळ, दुसरं काही कधीच नाही. जो जास्त घालेल त्याचा हौद पुन्हा हेच करेल.

आठवड्यानं नरसव्वा पुन्हा आली. या वेळी एकटीच, रिक्षानं. हातात पुन्हा लोटा. बायका नव्हत्या, सोमवार नव्हता, गल्ली आपापल्या कामात होती. संकट टळलं म्हणे, अंबादास सांगत होता, असं ती म्हणाली. आता तर घालू देशील.

मल्लेशमला वाटलं, हो म्हणावं. कोण बघतंय. मग त्यानं मान हलवली.

"आता कधीच नाही, अम्मा."

"म्हणजे ह्याला जन्मभर अर्धपोटीच ठेवायचं?"

"हो. पोट भरलं की हा कामातून जातो."

"आणि तू कारभारी. तू ते बघत बसायचं."

"हो."

तो घाबरला होता. ही आता पुन्हा वळेल आणि जाईल, आणि या वेळची गेलेली परत येणार नाही, असं त्याला वाटत होतं. पण नरसव्वा गेली नाही. ती हळूहळू खाली वाकून हौदाच्या कट्ट्यावर बसली, लोटा शेजारी ठेवला आणि पाण्याकडे बघत बसली.

"मला येतं ते," मग ती म्हणाली. "मी केलंय. गिरणी बंद पडली तेव्हा तू दोन वर्षांचा, आणि अंबादास आठाचा. तुझे वडील सुरतेला गेले ते वर्षभर पैसे नाहीत, पत्र नाही. घरात एक भाकरी असायची. तुला पोटभर घालायची आणि त्याला अर्धपोटी ठेवायचं. रोज समोर बसवून, बघत. तू रडायचास, तो रडायचा नाही, म्हणून त्याला कमी." ती थांबली. "सगळे म्हणतात माझा धाकटा दिलदार, थोरला चिक्कू. मी कुणाला काय सांगू?"

अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, भर दिवसा, भर गल्लीत मल्लेशमचे डोळे वाहू लागले. त्यानं ते पुसलेही नाहीत.

"अंबादासअण्णाला माहीत आहे हे?" त्यानं विचारलं.

"न कळायला तो काय तान्हा होता?" नरसव्वा म्हणाली. "मी ताट वाढायला घेतलं की तोच म्हणायचा, मला भूक नाही, मल्लूला घाल."